ढवळणाऱ्याने हलायचं नाही

दिताला सगळे गुणाची म्हणत. एखादीला लोक गुणाची म्हणायला लागले की समजावं, आता हिच्या वाट्याला काम येणार. तसंच झालं होतं. चौघांच्या त्या कंपूत कुणाचं सामान हलवायचं असो, कुणाची मांजर सांभाळायची असो, कुणाला रडायला जागा हवी असो, फोन दितालाच यायचा आणि तीही मेली "येते" म्हणायची. नाही म्हणायला तिला जमत नसे असं नाही. जमायचं, पण फोन ठेवल्यावर.

ती चेक देशातल्या ब्रनो शहरात एका शाळेच्या स्वयंपाकघरात होती. सगळं शहर डोळे चोळत ट्रामची वाट बघत उभं असायचं तेव्हा हिचे बटाटे सोलून झालेले असत. आई सूतगिरणीत होती, बाप लहानपणीच गेलेला. आई म्हणाली, चूल शीक, चुलीजवळचं माणूस उपाशी मरत नाही. आईचं खरं ठरलं. उपाशी काही ती कधी राहिली नाही. मनगटं मात्र पैलवानासारखी झाली, आणि नाचाच्या पांढऱ्या हातमोज्यात ती कधीच मावली नाहीत.

हो, नाच. सोळावं लागलं तशी आईने तिला नाचाच्या वर्गाला घातलं, तिकडे सगळ्यांनाच घालतात. एका भिंतीशी मुली बसायच्या, हात मांडीवर ठेवून, समोरच्या भिंतीशी मुलगे, बापाचे कोट घालून. मास्तरांनी टाळी वाजवली की मुलग्यांनी सभ्यपणे चालत यायचं आणि मुलीसमोर वाकायचं. पण सभ्यपणे चालणाऱ्याला मनातली मुलगी मिळत नाही, म्हणून सगळे पळत सुटायचे. त्या पहिल्या संध्याकाळी विलेम नावाचा एक कुरळ्या केसांचा पोरगा सगळ्यांच्या पुढे पळाला. जमिनीला ताजं मेण घासलेलं. दिताशेजारी बसलेल्या सिमोनाकडे निघालेला तो घसरला, बसकण मारून थेट दिताच्या पायाशी येऊन थांबला. आता ज्या मुलीच्या पायाशी थांबला तिला सोडून शेजारणीला कसा विचारणार? त्याने दितापुढे हात केला. मागून राडिम आला, लांबलचक, वाकलेला, एखाद्या दिव्याच्या खांबासारखा. त्याला सिमोना उरली. तो कुणाकडे निघाला होता हे त्याने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. राडिमची रीतच ती.

तर त्या मेणाने चौघांची आयुष्यं ठरवली. विलेम आणि दिता कितीतरी वर्षं एकत्र राहिले. तो जाहिराती लिहायचा, म्हणजे लिहिणार असायचा. राडिमने सिमोनाशी लग्न केलं. तो सिमेंटच्या पॅनेलच्या उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. सिमोना लोकांच्या पाठी आणि गुडघे चोळून बरे करायची, आणि बोलायची इतकं गोड की दुखणं पाठीतून उठून दुसऱ्याच्या डोक्यात जावं.

मग एका हिवाळ्यात विलेमच्या पाठीत उसण भरली. सिमोना म्हणाली, ये, मी बघते. तिने बघितलं. वसंतापर्यंत राडिम आणि सिमोनाचा घटस्फोट झाला होता आणि विलेम आपली पुस्तकं घेऊन सिमोनाकडे राहायला गेला होता. पुस्तकांची खोकी खाली कुणी उतरवली? दिताने. लिफ्ट बंद होती.

कुठे दुसरीकडे असती तर अशा माणसांनी एकमेकांची तोंडं बघितली नसती. पण शुक्रवारचं पबमधलं टेबल एकच, त्यांच्या नावाने अडवलेलं, आणि ते टेबल सोडायचं कुणी? चौघांनीही सोडलं नाही. फक्त खुर्च्यांची अदलाबदल झाली.

आणि दुसरी गोष्ट होती ती डोंगरातल्या घराची. विझोवित्से गावाच्या पलीकडे राडिमच्या वडिलांच्या गावात त्याने आणि सिमोनाने मिळून एक जुनं लाकडी घर घेऊन उभं केलं होतं. घटस्फोटात कपाटं वाटून झाली, भांडी वाटून झाली, कुत्रं वारलं म्हणून प्रश्न मिटला. ते घर मात्र कुणी सोडेना आणि कापता येईना. मग ठरलं, दोघांनीही यायचं. सिमोना यायची ती विलेमला घेऊन. राडिमचे वडील, म्हातारे लुबोशबाबा म्हणाले, माझ्या झाडांना माणसं हवीत, ती कुणाची कोण आहेत ते झाडं विचारत नाहीत.

आता राडिमचं ऐका. घटस्फोट झाल्यावर एका बुधवारी तो दिताकडे आला. दोघांनाही एकाच वेळी सोडून गेलेलं, तेव्हा बसले रडत. बुधवारी शाळेत शेपूचा दुधाळ रस्सा असायचा, अंडं आणि क्नेडलीकांबरोबर, म्हणजे उकडलेल्या कणकेच्या गोळ्यांबरोबर. पोरं नाकं मुरडायची, म्हणून डबाभर घरी यायचा. राडिमने तो सगळा खाल्ला, ब्रेडने ताट पुसलं आणि म्हणाला, माझी आई असा करायची. पुढच्या बुधवारी पुन्हा आला. त्याच्या पुढच्या बुधवारी राहिला. असं करत करत दोन वर्षं झाली. न्हाणीघराचा गळका नळ दुरुस्त झाला, बाल्कनीचं दार दुरुस्त झालं, आणि दिता मनातून त्याची झाली. पण बुधवारपुरती. शुक्रवारी पबमध्ये तो तिला "काय दिता, कशी आहेस" असं विचारायचा, जणू महिन्याने भेटतोय.

कारण अजून कुणाला सांगायचं नव्हतं. आधी सिमोनाचं मन दुखेल म्हणून. मग विलेमची नोकरी गेली होती, त्याला आणखी धक्का नको म्हणून. मग लुबोशबाबांचं अंतर्गळाचं ऑपरेशन. मग नाताळ, सणासुदीला कशाला. मग नाताळानंतरचा तो कंटाळवाणा काळ, तेव्हा माणसं आधीच खचलेली असतात. राडिम धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय असा माणूस नव्हता. चावतही नव्हता, पळतही नव्हता. नुसता उभा राहायचा.

सप्टेंबर लागला, डोंगरातली आलुबुखारं पिकली आणि सालाबादप्रमाणे सगळ्यांना बोलावणं आलं. त्या बुधवारी राडिमचं ताट पुसून होईस्तोवर दिताने वाट पाहिली आणि मग सांगितलं, आवाज न चढवता. शनिवारी सगळे काहिलीभोवती असतील. तिथे सर्वांसमोर सांग की आपण दोघं एकत्र आहोत. नाही सांगितलंस तर पुढच्या बुधवारी येऊ नकोस. राडिमने पुसलेलं ताट ब्रेडने पुन्हा एकदा पुसलं. मग म्हणाला, सांगतो. दिताने त्याला आणखी एक क्नेडलीक वाढला. तिथेच चुकलं, आधी काम होऊ द्यायचं आणि मग वाढायचं.

आता हे आलुबुखार आटवणं म्हणजे काय, तर पोविडला करायचा. साखर नाही, पाणी नाही. बिया काढायच्या, तांब्याच्या काहिलीत घालायचं, खाली लाकडं लावायची आणि पहाटेपासून संध्याकाळपर्यंत ढवळायचं, ते काळं होऊन दगडासारखं घट्ट होईस्तोवर. क्षणभर थांबलं की तळाला लागतं, आणि तळाला लागलं की सगळ्या काहिलीला वास येतो. म्हणून गावात एकच नियम, तो लुबोशबाबा दरवर्षी नव्याने सांगायचे: दांडा ज्याच्या हातात, त्याने दुसऱ्याच्या हातात दिल्याशिवाय हलायचं नाही. जग बुडालं तरी.

शनिवारी पहाटे बाबांनी जाळ लावून दिला, चौघांना नियम ऐकवला आणि ते शेजारी दारूच्या भट्टीचा नंबर लावायला गेले. सुरुवातीला चौघांनी पाळी लावली. विलेमच्या तळहाताला लगेच फोड आला, तो त्याने सगळ्यांना दाखवला. सिमोनाच्या डोळ्यांत धूर गेला. तिचे डोळे नाजूक. राडिमला लाकडं फोडायची होती. दांडा फिरत फिरत दिताच्या हातात आला आणि तिथेच राहिला. "तुझा हात सरावलेला आहे ना," सिमोना म्हणाली, "आम्ही केलं तर बिघडेल." सरावलेला हात हा असा शाप आहे. त्याला सुटी नसते.

दिता ढवळत होती. रस तडतडायचा, मनगटावर उडून चटका द्यायचा. तिने हाताला जुना टॉवेल गुंडाळला. गोडावर गांधीलमाश्या घोंगावत होत्या. राडिम लाकडं घेऊन आला, रचून ठेवली, इकडे तिकडे बघितलं. तिने विचारलं, कधी? तो म्हणाला, जेवताना, सगळे एका ठिकाणी बसले की. तिला ते पटलं. उभ्या उभ्या सांगण्यासारखी गोष्ट नव्हतीच ती.

तो गेला आणि विलेम आला. जाळापासून जरा लांब, ओंडक्यावर टेकला आणि पायाने माती उकरत राहिला. विलेमला असं माती उकरताना बघितलं की दिताला पूर्वीपासून कळायचं, आता आपला अर्धा तास गेला. त्याने सांगितलं की सिमोनाचं आणि त्याचं संपल्यात जमा आहे. ती त्याला रोज पाठ ताठ ठेवून बस म्हणते. घरात शिजवलेलं काही नसतं, नुसती मोड आलेली धान्यं. त्याला वाटतं, त्याच्या हातून त्या वेळी मोठी चूक झाली.

"त्या वेळी म्हणजे कधी?" दिताने विचारलं.

"तुला सोडलं तेव्हा, दितुंका. माणूस घसरतो गं."

"घसरतोस तेव्हा तू माझ्याकडे येतोस, विलेम. चालत निघालास की दुसरीकडे जातोस. हे घे, ढवळ जरा, मला पाणी पिऊन येऊ दे."

विलेमने आपला फोड पुन्हा दाखवला. मग तो सावलीत जाऊन झोपला. दिता पाणी न पिताच राहिली.

दुपारी बाबा परतले. सॉसेज भाजली, पाव चिरला, मोहरी निघाली, घरच्या दारूची बाटली निघाली. सगळे सफरचंदाच्या झाडाखालच्या लांब टेबलावर बसले. दिता उभी होती काहिलीजवळ, टेबलापासून हाकेच्या अंतरावर. तिला सगळं ऐकू येत होतं. हात तिचा गोल फिरत होता, डोळे राडिमवर. राडिम उठला. हातात छोटा पेला घेऊन उभा राहिला, घसा साफ केला. दिताच्या हाताचा वेग नकळत वाढला. राडिमने प्रत्येकाच्या डोळ्यांत बघितलं, बाबांच्या, सिमोनाच्या, विलेमच्या, लांबून दिताच्याही. आणि म्हणाला, यंदा झाडांना फळ चांगलं आलं, बाबांच्या झाडांच्या नावाने. मग पेला रिकामा करून खाली बसला. सगळ्यांनी प्यायलं. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांना झाडांबद्दल कुणी बोललेलं आवडतं.

दिताच्या तोंडून जो शब्द निघाला तो गांधीलमाशीसाठी होता असं समजायला हरकत नाही.

जेवण उरकल्यावर सिमोना तिच्यासाठी ताट घेऊन आली. सॉसेज गार झालेलं, पण बारीक चिरून आणलं होतं, दिताला एका हाताने खाता यावं म्हणून. सिमोना वाईट नव्हती, हे सांगायला हवं. सगळ्यांचा विचार करायची, फक्त आपला करून झाल्यावर. तिने दिताच्या खांद्याला हात लावला, तिथे आवळून आलंय म्हणाली, जरा दाबून दिलं. दिताचे डोळे सुखाने मिटले. आणि मिटल्या डोळ्यांनी तिने ऐकलं की सिमोनाला राडिमकडे परत जायचं आहे.

विलेमला कंटाळली होती ती. राडिम कमी बोलतो, पण घरात नळ गळत नाही. गेल्या आठवड्यात तो कशाला तरी आला होता, तेव्हा तिला वाटलं, हाच तर होता. आता फक्त त्याचं मन कसं आहे ते कळायला हवं.

"मग विचार त्याला," दिता म्हणाली.

"मी कशी विचारू? नाही म्हणाला तर मला तोंडावर ऐकावं लागेल. तू विचार ना. तुझं ऐकतो तो."

"मी?"

"अगं, तू सगळ्यांची आहेस. तुझ्याजवळ माणूस खरं बोलतं."

ताट तिथेच ठेवून सिमोना गेली. काहिलीतला रस आता जड झाला होता, दांडा ओढावा लागत होता. दिता तो ओढत होती आणि मनात बोलत होती, वाक्यांमागून वाक्यं, एकाहून एक धारदार. सिमोना टेबलाशी पोहोचली तेव्हा कुठे ती सुचायला लागली होती. तिचं नेहमीचंच ते, वरातीमागून घोडं.

राडिम पुन्हा लाकडं घेऊन आला. तेव्हा दिताने ठरवलं, बघू तरी. तिने त्याला निरोप जसाच्या तसा दिला, शाळेत मुख्याध्यापिकेचा निरोप देतात तसा. सिमोना विचारतेय, तू परत येशील का. विचारून ती काहिलीत बघत राहिली. तिला एक शब्द हवा होता. नाही. लहान मुलालाही येतो तो.

राडिमने एक लाकूड जाळात सरकवलं. आणखी एक सरकवलं. मग विचारलं, "तू काय सांगितलंस तिला?"

"मी काय सांगायचं? तुला विचारलंय."

"आज तिला एकदम नाही म्हणणं बरं दिसणार नाही, दिता. विलेमशी तिचं बिनसलंय. मी काय म्हणतो, पुढच्या आठवड्यात शांतपणे..."

दिताचा हात थांबला. पोविडल्याने एक जाड बुडबुडा काढला आणि तो फुटला. तिने राडिमकडे पाहिलं, त्या लांबलचक वाकलेल्या, प्रेमळ, निरुपयोगी माणसाकडे, आणि मग टेबलाकडे तोंड करून, शाळेत तीनशे पोरांच्या गोंगाटावरून हाक मारायची तशा आवाजात म्हणाली:

"सिमोना, राडिम दोन वर्षं दर बुधवारी माझ्याकडे राहतो."

सावलीत झोपलेला विलेम उठून बसला. बाबांनी हातातला पाव खाली ठेवला. राडिम लाकूड हातात धरून उभा राहिला, जसा तो नेहमी राहतो.

सिमोनाने केस मागे केले. "माहितीये की," ती म्हणाली. रागाने नाही. सहज.

"सगळ्यांना माहितीये," विलेम डोळे चोळत म्हणाला. "वाढदिवसाला तुझ्याकडे आलो तेव्हा दारात घालायला तू मला त्याच्याच सपाता दिल्यास. एवढ्या मोठ्या पायाचं दुसरं कोण आहे? मी केक खाईस्तोवर त्यांच्यात पोहत होतो."

म्हणजे तिच्या वाढदिवसापासून, वसंतापासून. वसंतापासून सगळ्यांना माहीत होतं. दर शुक्रवारी राडिम "काय दिता, कशी आहेस" असं विचारायचा आणि टेबलाभोवती सगळे बिअर पीत ते ऐकायचे. दिताने सिमोनाला विचारलं, की माहीत असून तू मला त्याच्याकडे पाठवलंस?

सिमोनाला प्रश्नच कळला नाही असं दिसलं. ती खरोखर गोंधळली. "पण ते तुमचं... आम्हाला वाटलं, सोय आहे. तो जेवायला येतो, तू एकटी असतेस. बुधवारचं ते. त्यात आमची हरकत कधी होती?"

दिताने राडिमकडे पाहिलं. आता तरी बोलेल. आता झाकायचंही काही उरलं नव्हतं, कुणाला धक्का बसायचा नव्हता, कुणाचं ऑपरेशन नव्हतं. सोय नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं तिला. राडिमने तोंड उघडलं.

"ढवळा रे कुणीतरी," बाबा ओरडले, "लागतंय!"

आणि राडिमने, देवाशपथ, तोंड मिटलं. वाचल्यासारखा चेहरा झाला त्याचा.

मग दिताने हाताचा टॉवेल सोडला. दांडा राडिमच्या हातात दिला, त्याची बोटं नीट त्यावर आवळून दिली, कारण नियम नियम आहे. घरात जाऊन पिशवी भरली आणि मागच्या दाराने उतारावरून बसथांब्याकडे निघाली. मागून सिमोनाचा आवाज आला, अगं, पण हे उतरवायचं कधी ते तरी सांग. दिताने मागे वळून पाहिलं नाही.

शनिवारी त्या गावातून बस अशी सुटत नाहीच. रागाने निघून जाणाऱ्या माणसाची सोय त्या वेळापत्रकात नाही. दिता थांब्याच्या बाकावर बसली. चर्चच्या भिंतीवर एक मांजर अंग चाटत होती. समोरच्या अंगणातली म्हातारी कुंपणापाशी आली, तिच्या जांभळ्या हातांकडे बघून म्हणाली, लुबोशकडून आलीस वाटतं, झालं का? दिता म्हणाली, नाही झालं. म्हातारी म्हणाली, मग तू इथे कशी?

दिताने जांभळे हात पिशवीमागे सरकवले.

बऱ्याच वेळाने उतारावर धावती पावलं वाजली. राडिम येत होता, कोपरापर्यंत जांभळा, शर्टाचं एक टोक बाहेर. तो पळताना दिताने आजवर बघितला नव्हता. लिफ्टवाल्याला पळायची सवय नसते. तिचा सगळा राग, मेला, कुठच्या कुठे गेला. तिने बाकावरची पिशवी उचलून खाली ठेवली, त्याला बसायला जागा केली.

तो बसला नाही. गुडघ्यांवर हात टेकून त्याने दम घेतला.

"बाबा विचारतायत," तो म्हणाला, "दालचिनी आत्ता घालायची की उतरवताना?"

दिताने त्याच्याकडे पाहिलं. तिने उत्तरही दिलं, कारण आलुबुखारांनी तिचं काही वाकडं केलं नव्हतं. उतरवताना, म्हणाली. बशीत थोडं काढ, बशी उलटी कर, खाली पडलं नाही तर झालं.

राडिमने मान हलवली. पण गेला नाही. जमिनीकडे बघत उभा राहिला आणि मग हळूच विचारलं, "आणि बुधवारी? येऊ ना?"

"मी इथे, तू इथे," दिता म्हणाली. "दांडा कुणाच्या हातात दिलास?"

तो विचारात पडला. विलेमच्या दिला होता, पण विलेमचा फोड. त्याने सिमोनाला दिला असेल. राडिमने वर, घराकडे बघितलं. तिथून धूर येत होता, जरा जास्तच.

"जा," दिता म्हणाली. "लागेल."

आता असं आहे, जा म्हटल्यावर जायचं नसतं हे कुत्र्यालाही कळतं. राडिम गेला. दोनदा मागे बघत गेला, हात उंचावला, आणि वळणावर दिसेनासा झाला. कुंपणाआडून म्हातारी म्हणाली, भला माणूस दिसतो. दिता म्हणाली, हो, सगळे तेच म्हणतात.

रविवारी तिने घर झाडलं. सोमवारी, मंगळवारी शाळेत पोरांवर खेकसली, मग त्यांना जास्तीचं पुडिंग वाढलं. बुधवारी शेपूचा रस्सा होता. उरलेला डबा तिने रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला दिला आणि तशीच उभी राहिली, शाळेच्या फाटकात, पिशवी घेऊन. घरी गेली तर तो येणार. बेल वाजवेल, दारात उभा राहील, आणि ती दार उघडेल. स्वतःला ती एवढं ओळखून होती. रागावून घरात बसणं तिच्याच्याने झालं नसतं. म्हणून तिने घरीच न जायचं ठरवलं. स्वतःच्या घरातून स्वतःला हाकललं म्हणा.

पण जायचं कुठे? पबमध्ये बाकीचे भेटायचे. आईकडे गेलं तर आई विचारायची. शेवटी ती शहराच्या झाकलेल्या पोहण्याच्या तलावावर गेली, शाळकरी वयानंतर तिथे कधी गेली नव्हती. तिथे पोशाख विकत घेतला, तो काखेत काचत होता. टोपीने कपाळ आवळलं. पाणी गार. शेजारच्या रांगेत एक म्हातारा बेडकासारखा पाय मारत होता आणि सगळं पाणी दिताच्या तोंडात जात होतं. ती पोहत होती, संतापाने, या टोकाकडून त्या टोकाला, आणि प्रत्येक टोकाला घड्याळ होतं. आता तो ट्राममधून उतरला असेल. आता बेल वाजवली असेल. आता पायऱ्यांवर बसला असेल, किंवा नसेल. कदाचित आज सिमोनाकडे त्याच्या आवडीचं काही असेल. कदाचित आज त्याने ठरवलं असेल, आज बोलायचंच, आणि ऐकायला ती घरी नाही. या विचाराने तर ती इतकी चिडली की म्हाताऱ्याला मागे टाकून गेली. तो थांबून बघत राहिला.

तलाव बंद होईस्तोवर ती थांबली, ओल्या केसांनी घरी आली. जिन्यात कुणी नव्हतं. दारापाशी काही ठेवलेलं नव्हतं, ना चिठ्ठी, ना पायांचे ठसे. शेजारीण वुर्मोव्हाबाई, एरवी दारातून ढळत नाही, ती नेमकी बहिणीकडे गेलेली. दिताने दार उघडलं, बंद केलं, दिवा लावला. तो आला होता की नाही, हे तिला कळलं नाही, पुढेही कधी कळलं नाही, आणि सगळ्यांत जास्त राग तिला त्याचाच आला. पुढच्या बुधवारी ती पुन्हा तलावावर गेली. त्या वेळी पोशाखाची काखेतली शिवण तिने उसवून, सैल करून नेली होती.